कालव्याकाठचा एकेरी बाण

बारामतीला मी गेले ती एक बाण बघायला. लग्नकार्य नव्हतं, देवदर्शन नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. चिपळूणला आमचं औषधांचं दुकान आहे. ते दिराच्या हाती सोपवून मी ऐन जानेवारीत निघाले, तेव्हा सासूबाईंनी एवढंच विचारलं, "बाण म्हणजे? देवळातला?" मी म्हटलं, "नाही, नकाशातला." त्यांनी लाडवांचा डबा माझ्या पिशवीत ठेवला आणि पुढे काही विचारलं नाही.

ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. खुला नकाशा म्हणजे कुणा एका कंपनीचा नसलेला, लोकांनी मिळून भरलेला नकाशा. आमच्याकडे पूर आला तेव्हा पायऱ्यांची कुठली पाखाडी उंचावर निघते हे कुठल्याच नकाशात नव्हतं. तेव्हा मी तो भरायला शिकले आणि मग सवयच लागली. या नकाशात रस्ता म्हणजे एक रेघ. रेघ एकेरी आहे असं नोंदवलं की तिच्यावर बाण उमटतो, आणि मोबाईलवर वाट सांगणारी ॲप तो बाण वाचतात. बाणाच्या उलट दिशेने ती तुम्हाला कधीच नेत नाहीत. सायकलमार्गाचं दुखणं हे की बरेचदा शेजारचा रस्ता एकेरी म्हणून सायकलमार्गही एकेरी, असं कुणीतरी दुरून ठरवून टाकतं.

बारामतीच्या कालव्याकाठच्या सायकलमार्गावर असा एक बाण होता आणि त्याखाली कुणीतरी शंका नोंदवली होती: "हा मार्ग खरंच एकेरी आहे का? कामावरून परत येताना ॲप मला मोठ्या रस्त्याने आणतं. तिथे उसाचे ट्रॅक्टर असतात. मी हाताने चालवायच्या तीनचाकीवर असते. लता."

घरी बसून तो बाण काढणं हे बोटाच्या टोकाचं काम होतं. पण न बघता बाण घालणं आणि न बघता तो काढणं यात फरक तो काय? बाण घालणाऱ्याला मी विचारलं. त्याने नकाशावर 'नीराकाठ' असं नाव घेतलं होतं. उत्तर लगेच आलं: "फलक आहे. बाण काढू नये." सोबत फलकाचा फोटो. निळ्यावर पांढऱ्या, नीटस अक्षरांत 'सायकलींसाठी एकेरी मार्ग'. लताने शंकेखाली आपला नंबर दिला होता, तिला फोन लावला. ती म्हणाली, "ताई, फलक हाय. खोटं न्हाय ते. पण मला काय तो पटत न्हाय."

मलाही पटेना. म्हणून निघाले.

बारामती

घाट चढून फलटणच्या बाजूने उतरलं की कोकणातल्या माणसाला पहिली भीती वाटते ती सपाटीची. नजर अडवायला काही नाही. ऊस, ऊस, मध्येच द्राक्षाचा मांडव, पुन्हा ऊस. नीरा ओलांडून सांगवी आली तेव्हा आठवलं, लताने फोनवर सांगितलेलं तिचं गाव हेच. रक्त-लघवी तपासायच्या कामाचं शिक्षण घेऊन तिने बारामतीच्या एका दवाखान्यात नोकरी धरली होती आणि नुकतीच खोली घेऊन एकटी राहू लागली होती.

ती मला स्टँडवर घ्यायला आली. तिशीची, कपाळ मोठं, खांदे एखाद्या पोहणाऱ्या बाईसारखे भक्कम. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय अधू झालेले, चार पावलं टाकायची तर कुबड्यांवर. छातीपाशी फिरवायचे दोन दांडे असलेली तिची तीनचाकी तिने अशी वळवली की माझी पिशवी बरोबर मागच्या जाळीसमोर आली. "ठेवा ताई. हमाली फुकट."

तिच्या खोलीत बुद्धाची एक लहान मूर्ती, पुस्तकांची एक मांडणी आणि सगळ्या वस्तू कमरेच्या उंचीच्या आत. रात्री तिने हुलग्याची शेंगोळी केली. बोटाएवढ्या वळ्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या. आमच्याकडे कुळथाचं पिठलं होतं, त्याच कुळथाला इथे हुलगा म्हणतात, हे कळल्यावर मला एकदम घरच्यासारखं वाटलं. लाडवांचा डबा आम्ही निम्मा संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याबरोबर सायकलमार्गावर गेले. चिपळुणात सायकल म्हणजे पोरांची चैन. दर वळणाला चढ. इथे सायकलवर दुधाच्या किटल्या होत्या, गवताचे भारे होते, कॉलेजच्या मुली होत्या. आणि त्या सगळ्या दोन्ही दिशांनी जात होत्या. फलकाकडे बघायला कुणाला सवड नव्हती.

"मग तूच का पाळतेस?" मी लताला विचारलं.

तिने दांडे थांबवले. "दुसऱ्यानं मोडला तर कुणाच्या ध्यानात राहत न्हाय, ताई. मी मोडला तर 'ती तीनचाकीवाली उलटी आली' असं साऱ्या गावाला दिसतं. मला तसलं दिसायचं न्हाय. नियम खोटा असंल तर तो काढायचा. मोडायचा न्हाय."

मार्ग छान होता. रुंद होता, एका ठिकाणाखेरीज. मोठ्या रस्त्याचा पूल कालव्यावरून जातो, त्याच्याखाली मार्ग अरुंद होऊन एकदम वळतो. पुलाच्या भिंतीमुळे समोरचं काही म्हणता काही दिसत नाही. मी तिथे उभी राहून रुंदी मोजत होते तर दुधाची सायकल कानाजवळून गेली आणि फीत हातातून उडून कालव्यात. लता हसली, मग म्हणाली, "वळण वाईटच हाय."

फलक त्या वळणाच्या जरा अलीकडे, खांबाला नटबोल्टने बसवलेला. फार सुरेख अक्षर. पण खाली कुठल्या कार्यालयाचं नाव नाही, आदेशाचा उल्लेख नाही.

लता कामावर गेल्यावर मी ज्या कार्यालयात अशा गोष्टी बघतात तिथे गेले. टेबलामागच्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"सायकलला एकेरी?" ते म्हणाले. "न्हाय हो बाई. असा आदेश निघालाच न्हाय."

"मग फलक?"

"लावला असंल कुणीतरी. चांगला लिहिलाय की!"

म्हणजे नियम नव्हता, नियमाचा फक्त फलक होता. मी तिथूनच 'नीराकाठ'ला लिहिलं: मी बारामतीत आहे, कार्यालयात असा आदेश नाही, आपण भेटू शकाल का? संध्याकाळी उत्तर आलं: "रविवारी निरवांगीला या. हुरडा सुरू आहे. बबनराव तात्यांचं घर विचारा."

निरवांगी

लताला मी नको म्हणत होते. निरवांगी इंदापूर तालुक्यात आणि प्रवास अवघड होता: जंक्शन नावाच्या गावापर्यंत एसटी, पुढे प्रवासी भरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने. तिने कुबड्या उचलल्या आणि माझ्याआधी दारात जाऊन उभी राहिली. "शंका माझी हाय. मीच येणार."

जीपवाल्याने तिला पुढची जागा दिली आणि तिथल्या माणसाला मागे बसवलं. त्या माणसानेच आम्हाला निरवांगीत घर दाखवलं. "तात्यांकडं व्हय? चित्रकलेचं मास्तर. त्ये काय, पेरूच्या बागंम्होरं."

बबनराव तात्या सत्तरीकडे झुकलेले, उंच, पांढराशुभ्र सदरा. बागेपलीकडे ज्वारीचं रान होतं आणि त्याच्या कडेला खड्ड्यात गोवऱ्यांची आगटी पेटवून ते कणसं भाजत होते. शेजारी बाजेवर त्यांच्या पत्नी शांताबाई. बाजेला लावून चालायचा वॉकर ठेवलेला.

तात्यांनी लताच्या कुबड्यांकडे पाहिलं, नजर काढून घेतली आणि गरम कणीस माझ्या हातावर ठेवलं. हुरडा म्हणजे भाजलेलं कणीस तळहातांत चोळून कोवळे दाणे मोकळे करायचे. माझे हात दुसऱ्याच कणसाला लाल झाले. लता मात्र भराभर चोळत होती. दांडे फिरवून तिच्या तळव्यांना घट्टे पडलेले. लसणाची चटणी, घट्ट दही, वर गूळ. ओल्या नारळाच्या मुलखातली मी, पण त्या दाण्यांना जी हिरवी गोडी होती तिला माझ्याकडे शब्द नव्हता.

खाणं झाल्यावर तात्यांनीच विषय काढला. "फलक बघितला न्हवं? मग झालं. जमिनीवर जे हाय ते नकाशात असावं. तुमचाच नियम ना ह्यो?"

"पण कार्यालयात तसा आदेश नाही, तात्या."

ते आगटीतली राख सारखी करू लागले. बाजेवरून शांताबाई म्हणाल्या, "आदेश कुठनं असंल? फलक ह्यांनीच लिवलाय. हितंच वट्यावर बसून."

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांनी नाकारलं नाही.

नोकरीत असताना ही दोघं बारामतीतच राहत. शांताकाकू रोज सकाळी कालव्याकाठी फिरायला जात. पुलाखालच्या वळणावर समोरून एक सायकल भरधाव आली. काकूंचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. मग बारामतीचं घर सोडून ती दोघं इथे मुलाकडे आली.

"मी कितीदा तितं जाऊन उभा राह्यलो," तात्या म्हणाले. "दर खेपंला वाटायचं, आता कुणीतरी आदळणार. इचार केला, समोरून कुणी आलंच न्हाय, तर धडक व्हईल कशी? फलक केला. बारामतीच्या लेकीला म्हणलं, बसवून घे. मग नकाशात बाण घातला. चुकलं काय?"

चिपळूणपासून मी सगळे मुद्दे घोकून आले होते. नकाशात जे आहे ते लिहायचं, जे असावं ते नाही. तेवढं वाक्य मी म्हटलंही. पण त्या वॉकरसमोर ते मलाच कोरडं वाटलं.

लता बोलली. "तात्या, तुमचा फलक मी पाळते."

"चांगलं करतीस."

"मी एकलीच पाळते. म्हणून परतताना मोठ्या रस्त्यानं येते. मागच्या महिन्यात उसाच्या ट्रेलरनं मला दाबत दाबत रस्त्याकडंच्या चारीत घातलं. चाक वाकलं. मला काय झालं न्हाय, पण तासभर चारीतच व्हते. कुबड्या ट्रेलरखाली गेल्या."

हे तिने मलाही सांगितलं नव्हतं.

"रस्त्याच्या कडंला फुटपाथ हाय की," तात्या म्हणाले.

"हाय. त्याच्यावर रसवंत्या हायेत."

मग शांताबाईंनी हात पुढे करून लताचा हात धरला आणि नवऱ्याला म्हणाल्या, "माझ्या पायापायी दुसऱ्याच्या लेकीचं हातपाय मोडायला लावू नगा."

तात्या उठले. मला वाटलं रागावून चालले. पण ते वळून लतालाच म्हणाले, "मला बघायचंय. बघितल्याबिगर मी रेघ वढत न्हाय."

"मग उद्या या. पाचला दवाखाना सुटतो. सायकल घेऊन या."

"येतो."

मोठा रस्ता

मलाही सायकल हवी होती. लताच्या घरमालकिणीने तिची दिली. कॉलेज सुटल्यापासून मी सायकलला हात लावला नव्हता. पहिल्याच वळणावर साखळी पडली, ती बसवताना हात काळे, ते पुसताना ओढणी काळी. तात्या लेकीची सायकल घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी ताठ उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी मागंच ऱ्हावा."

लता पुढे, तात्या तिच्या मागे, शेवटी मी. पहिला टप्पा ठीक होता. मग चौक ओलांडला आणि कारखान्याच्या गाड्यांचा रस्ता लागला. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रेलर, त्यांवर ऊस असा रचलेला की दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. ट्रॅक्टरवर मोठ्याने गाणी लागलेली. मागचं ट्रेलर साप वळवळावा तसं डावी-उजवीकडे हलत होतं. लता डांबराच्या अगदी कडेला, तिचं डावं चाक खडीत. खांदे एका लयीत फिरत होते. ती मागे बघत नव्हती, बघूच शकत नव्हती.

एक ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला तेव्हा उसाची पाती माझ्या कानाला लागली. मी ब्रेक दाबून खाली उतरले. पुढचं मला तिथूनच दिसलं. ट्रेलर तात्यांच्या बाजूला आलं, एक लोंबता ऊस त्यांच्या खांद्यावर बसला, सायकल डगमगली. तेही उतरले असते तर बरं झालं असतं. पण ते ओरडले, "लते, थांब! थांब!" आणि पायडल मारत तिच्या उजव्या अंगाला गेले. ट्रेलर आणि तीनचाकी यांच्यामध्ये ते आपली सायकल घालून चालवत राहिले. एक हात वर करून ड्रायव्हरला हाका मारत होते. गाण्यांत त्याला काय ऐकू जाणार? दुसरं ट्रेलर त्यांच्या कोपराला घासून गेलं.

मी पोहोचले तेव्हा दोघंही एका रसवंतीपाशी थांबलेली. तात्यांची बाही फाटली होती आणि कोपरातून रक्त येत होतं. मी पिशवीतून कापूस काढला, औषधवाल्याची सवय. ते हात पुढे करून बसले.

"रोज?" त्यांनी लताला विचारलं.

"सुट्टी सोडून रोज."

रसवाल्याने तीन ग्लास ठेवले. तात्यांनी आपला ग्लास तसाच ठेवला. मी अजून रस्त्याकडेच बघत होते, आणि लता शांतपणे रस पीत होती, हे मला त्या सगळ्या प्रवासात सर्वांत अवघड गेलं. तिला त्याची सवय झाली होती.

शेवटी तात्या उठले आणि रसवाल्याला म्हणाले, "तुमच्याकडं पाना हाय का?"

चरकाचे बोल्ट आवळायचा पाना होता. तो घेऊन आम्ही कालव्यावर गेलो. गंजलेला एक नट काही केल्या फिरेना. तात्या मला हात लावू देईनात. लताने तीनचाकी खांबाला लावली आणि न विचारता पाना हातात घेतला. तिच्या दोन झटक्यांत नट सुटला. फलक खाली आला तो तात्यांनी दोन्ही हातांनी धरला, फुलासारखा.

"अक्षर चांगलं व्हतं," ते म्हणाले.

"व्हय तात्या," लता म्हणाली. "लई चांगलं."

पुलाखाली

फलक गेला तरी वळण होतं तिथेच होतं, आणि काकूंचा मोडलेला खुबा काही खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी लताने रजा टाकली आणि सकाळी आम्ही तिघं त्याच कार्यालयात गेलो. तात्यांनी परवानगी मागितली. "या खेपंला इचारून लिहितो," ते म्हणाले, आणि टेबलामागचे गृहस्थ एकदम सावरून बसले. फलक कुणाचा होता ते त्यांना तेव्हा समजलं. पुलाच्या भिंतीवर सूचना लिहायला ते हो म्हणाले. वळणावर गोल आरसा बसवायचा अर्ज लताने दिला. तोही मंजूर होईल, पण वेळ लागेल.

तात्यांनी दुपारभर भिंत रंगवली. दोन्ही बाजूंनी: 'समोरून सायकल येते. घंटा वाजवा, सावकाश जा.' लता घंटा वाजवून दाखवत होती आणि ते ब्रश थांबवून ऐकत होते.

मग नकाशा. मी फोन काढला तर तात्यांनी चष्मा लावला. "बाण मी घातला व्हता. मीच काढणार."

मी त्यांना शेजारी बसून सांगत गेले. मार्ग सायकलींना दोन्ही दिशांनी खुला. पुलाखालचा तुकडा वेगळा तोडून त्याची कमी रुंदी लिहायची. वळणावर धोक्याची खूण. प्रत्येक गोष्ट भरण्याआधी ते उठून जागेवर जाऊन पुन्हा बघून येत. बदल जतन करताना नकाशा कारण विचारतो. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: "प्रत्यक्ष पाहून."

रेघेवरचा बाण गेला. लताने तिच्या फोनवर लगेच वाट विचारली. ॲपने पुन्हा मोठाच रस्ता दाखवला. तिचं तोंड उतरलं. मी समजावलं की नकाशातला बदल ॲपपर्यंत झिरपायला वेळ लागतो.

"किती?"

"एखाद-दोन दिवस. कधी जास्त."

"मग तोवर मी मोठ्याच रस्त्यानं?"

"ॲपचं काय घेऊन बसलीस!" तात्या ओरडले. "बाण न्हाय, फलक न्हाय. तू कालव्यानं ये. मी हाय ना हितं."

नरसिंहपूर

ॲप काय म्हणतंय ते बघितल्याशिवाय मला घरी जायचं नव्हतं. मधला दिवस मोकळा होता, म्हणून इंदापूरमार्गे नरसिंहपूर गाठलं. इंदापूरला खाणावळवाल्याने विचारलं, "चिलापी खाणार का?" गोड्या पाण्यातला मासा मी आजवर मासा मानला नव्हता. चिलापी तिखटजाळ मसाल्यात तळून आली, आणि मी दुसरी मागवली. घरी हे सांगितलेलं नाही.

नरसिंहपूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला. भीमा आणि नीरा तिथे मिळतात. आमच्या नद्या घाईच्या, डोंगरातून निघाल्या की समुद्रात. या दोघी मात्र किती सावकाश येऊन भेटतात! देवळातून खाली उतरून घाटाच्या पायऱ्यांवर बसले. शेजारी एक आजीबाई पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. कुठून आलात म्हणाल्या. मी चिपळूण सांगितलं. "नवस व्हता काय?" मी म्हटलं, "नाही, काम होतं." त्या म्हणाल्या, "झालं का?" ते बघायचंच बाकी होतं. उठून एसटी धरली.

पुन्हा कालवा

बारामतीच्या स्टँडवर उतरले तेव्हा दवाखाना सुटायची वेळ झाली होती. लताच्या खोलीवर न जाता सरळ कालव्याकडे गेले. वाटेत तिचा फोन आला. ती बोललीच नाही, नुसता फोन समोर धरला. ॲपमधली बाई सांगत होती, "डावीकडे वळा, सायकलमार्गाने पुढे चला." मग लताचा आवाज: "ऐकलंत का ताई?"

मी पुलाजवळ पोहोचले तर वळणावर तात्या उभे. कोपराला पट्टी, गळ्यात शाळेतली शिट्टी. आरसा बसेपर्यंत ते लेकीकडेच मुक्काम टाकणार होते आणि गर्दीच्या दोन्ही वेळा तिथे उभे राहणार होते. काकूंनीच धाडलंय म्हणे. त्यांनी गावाकडून येणाऱ्या कॉलेजच्या मुलींना हात दाखवून थांबवलं, भिंतीपलीकडे डोकावले आणि शिट्टी मारली.

पुलाखालून लता आली. ऊन तिच्या पाठीशी होतं. खांदे तसेच लयीत, पण घाई नव्हती. तिला बघून मला राहवलं नाही. मी हात उंच केला.

"बाई, हात खाली घ्या!" तात्या खेकसले. "लोकं थांबत्यात!"

खरंच, माझ्या मागे दुधाच्या दोन सायकली थांबल्या होत्या. मी हात खाली घेतला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. लता वळण घेऊन माझ्यासमोरून पुढे गेली.